दूधवाल्याच्या किटल्या आणि सड्यावरचा तंबू

तालुक्याच्या गावी पहाटे साडेपाचला रस्त्यावर उभं राहिलं, तर अजूनही कुठे कुठे सायकलवरचा दूधवाला दिसतो. जाड चौकटीची काळी सायकल, मागे लोखंडी कॅरियर आणि कॅरियरच्या दोन्ही अंगांना आकड्यांत अडकवलेल्या पंधरा-वीस लिटरच्या किटल्या. दोन्ही भरलेल्या असतील तर ओझं चाळीस किलोंच्या आसपास जातं. तरीही तो खड्डे चुकवत सरळ रेषेत जातो. किटल्या नेमक्या कुठे लटकतात ते बघण्यासारखं असतं. त्यांचा तळ मागच्या चाकाच्या एक्सलपासून फार वर नसतो, दोन्ही बाजूंना वजन सारखं असतं आणि आकडा असा पक्का बसलेला असतो की गतिरोधकावरही किटली डुलत नाही.

सायकलवर तंबू बांधून आठ-दहा दिवसांच्या प्रवासाला निघणारी तरुण मुलं आता महाराष्ट्रात बरीच दिसतात. त्यातले काही जण पाठीवर मोठी सॅक घेतात, कॅरियरवर तंबू उभा बांधतात, हँडलला पिशवी लटकवतात. एकूण ओझं पंधरा किलोच असतं, पण दुसऱ्या दिवशी खांदे धरतात, बसायची जागा सोलवटते आणि पहिल्याच मोठ्या उतारावर हँडल थरथरायला लागतं. कुठला तंबू घ्यावा, यावर ती महिनाभर चर्चा करतात. तो कुठे बांधायचा, याचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या रात्री होतो. माझ्या मते याच्या उलट झालं पाहिजे. आधी रस्ता आणि रात्रीची जागा डोळ्यांसमोर आणायची, मग ओझं कुठे लटकणार ते ठरवायचं आणि दुकानात त्यानंतर जायचं.

म्हणून इथे एकच रस्ता घेतो, कोकणचा सागरी रस्ता. डिसेंबर किंवा जानेवारीत रायगड जिल्ह्यातून निघून दक्षिणेला गोव्यापर्यंत. वाटेत राजपुरीची खाडी आगरदांडा ते दिघी अशी फेरीबोटीने ओलांडायची, सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी वेश्वी ते बागमांडला, वाशिष्ठी दाभोळहून धोपाव्याला, शास्त्री नदी तवसाळहून जयगडला. खाडी आली की रस्ता समुद्राच्या पातळीवर उतरतो, पलीकडे गेलं की पुन्हा जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, म्हणजे सड्यावर, चढतो. सड्यावर चार-सहा किलोमीटर वारा खात जावं, तोवर पुढचा उतार येतो. दिवसभर हेच चालतं. एकही चढ घाटासारखा लांब नाही, पण बरेच चढ छातीवर येणारे आहेत. थंडी फारशी नाही, दमटपणा भरपूर, डास भरपूर, आणि दर दहा-पंधरा किलोमीटरवर चहाची टपरी. परदेशी पुस्तकांतल्या सामानाच्या याद्या थंड आणि विरळ वस्तीच्या देशांसाठी लिहिलेल्या असतात. त्यातली निम्मी यादी इथे निरुपयोगी आहे, आणि इथे खरोखर लागणाऱ्या काही गोष्टी त्यात नसतातच.

सुरुवात वजनापासून करू. ओझ्याची भीती सगळ्यांना वाटते, पण तिचं माप क्वचित कोणी घेतं. किनाऱ्याच्या रस्त्यावर नसला, तरी हिशेबासाठी एक घाट घेऊ. सावंतवाडीहून आंबोलीला चढताना आपण साधारण ६०० मीटर वर जातो. दहा किलो जास्तीचं सामान तेवढं वर न्यायला सुमारे ५९ किलोज्यूल ऊर्जा लागते. सराव असलेला माणूस ओझ्यासह चढावर तासन्‌तास १२० वॅटच्या आसपास शक्ती लावू शकतो असं धरलं, तर या दहा किलोंसाठी त्याला आठ मिनिटं जास्त लागतील. पूर्ण घाटात आठ मिनिटं. ऐकायला हे थोडं वाटतं आणि बेताच्या चढावर ते खरंच थोडं आहे. अडचण येते ती तीव्र चढावर. तिथे गिअर पुरेसा हलका नसेल तर पॅडल फिरतच नाही, उतरून ढकलावं लागतं आणि गुडघे दुखावतात. ओझं घेऊन कोकणात जाणाऱ्याच्या सायकलला पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा कमी दातांची हवी. उदाहरणार्थ पुढे ३० आणि मागे ३४. पाचशे ग्रॅम हलका तंबू मिळवण्यासाठी दुप्पट पैसे घालण्याआधी हा खर्च करावा.

याचा अर्थ वाटेल ते भरावं असा नाही. कोकणच्या या प्रवासाला, स्वयंपाकाचं सामान न घेता, अकरा-बारा किलोंत सगळं बसतं. तंबू सव्वादोन किलो, अंथरूण-पांघरूण मिळून सव्वा किलो, कॅरियर आणि पिशव्या अडीच-तीन किलो, कपडे दोन किलो, हत्यारं सव्वा किलो, बाकी औषधं, टॉर्च, चार्जर, कुलूप, दोरी. त्यावर पाणी आणि खाऊ चार किलो. भाजीच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून आकडे कागदावर लिहावेत. मी दर वेळी हे करतो आणि दर वेळी दीड-दोन किलो सामान घरीच राहतं. जीन्सची पँट काट्यावर ठेवून बघा, पटेल.

आता हे लटकवायचं कुठे? घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या जोडपिशवीला आपल्याकडे खुर्जी म्हणत. सायकलवाले जिला पॅनियर म्हणतात ती याच जातीची. कॅरियरच्या दोन्ही अंगांना एकेक पिशवी, तळ एक्सलच्या जवळ, जड वस्तू तळाशी आणि चौकटीच्या बाजूला. हत्यारं, सुट्या ट्यूब, बॅटऱ्या, खाऊ खाली. कपडे वर. कॅरियरच्या माथ्यावर फक्त हलकं आणि लांबट, म्हणजे चटई किंवा तंबूच्या काठ्या. सायकल चालवताना आपण नकळत दर पॅडलला थोडे डावी-उजवीकडे झुकत असतो. ओझं खाली असेल तर त्या झोक्याबरोबर ते थोडंसंच हलतं. तेच माथ्यावर उभं बांधलं तर लंबकासारखं फेकलं जातं आणि दर झोक्याला त्याला परत आणायचं काम आपल्या हातांना करावं लागतं. पंधरा किलो जड वाटतं ते इथे.

पाठीवर सॅक घेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो. एकाच दिवसाची फेरी असेल तर गोष्ट वेगळी. पण सात दिवस रोज पाच-सहा तास पाठीवर आठ किलो म्हणजे ते सगळं वजन सीटवर आणि मनगटांवर येतं, आणि कोकणच्या दमट हवेत पाठीचा घाम वाळायला वावच मिळत नाही.

स्वाराच्या वजनाचा मोठा वाटा आधीच मागच्या चाकावर असतो. सगळं सामानही मागे टाकलं की दोन गोष्टी होतात. तीव्र चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं आणि मागच्या चाकाच्या तारा तुटायला लागतात, बहुधा चेनच्या बाजूच्या. त्या बाजूच्या तारांवर ताण जास्त असतो आणि त्या तुटल्या की दाताळ्या चकत्यांचा गठ्ठा काढल्याशिवाय नवी तार घालता येत नाही. ते काढायचं हत्यार गावच्या सायकल दुकानात मिळेलच असं नाही. म्हणून चार-पाच किलो पुढे न्यावेत. पुढच्या फोर्कला दोन लहान पिशव्या लावता आल्या तर उत्तम. नाही तर हँडलवर दोन-अडीच किलोंपर्यंतची पिशवी आणि चौकटीच्या त्रिकोणात एक सपाट पिशवी. पाणी आणि हत्यारांसाठी हा त्रिकोण सायकलवरची सगळ्यात चांगली जागा आहे, कारण तो दोन्ही चाकांच्या मध्ये आणि खाली असतो.

कॅरियरबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण प्रवास मोडतो तो बहुतेक वेळा इथेच. बऱ्याच कॅरियरवर २५ किलो असा आकडा छापलेला असतो. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा क्षणभर त्याच्या कितीतरी पट जोर कॅरियरच्या पायांवर आणि बोल्टवर येतो, म्हणून त्या आकड्याच्या निम्म्यावर थांबावं. अ‍ॅल्युमिनियमचं कॅरियर हलकं असतं, पण ते तुटलं की रस्त्यावर जोडता येत नाही. लोखंडी नळीचं कॅरियर थोडं जड, पण ग्रिल आणि गेट बनवणारा वेल्डर कुठल्याही बाजारपेठेच्या गावात असतो आणि तो दहा मिनिटांत टाका मारून देतो. लांबच्या प्रवासाला मी लोखंडीच निवडीन. बोल्ट बहुतेक सायकलींना पाच मिलिमीटर जाडीचे लागतात. तसे सहा सुटे बोल्ट नटांसकट एका डबीत ठेवावेत, बसवताना आट्यांना न सुटू देणारा गोंद लावावा आणि रोज सकाळी निघताना अ‍ॅलन कीने प्रत्येक बोल्ट तपासावा. गुहागरच्या अलीकडे एका उतारावर माझ्या कॅरियरचा खालचा बोल्ट असाच सैल होऊन पडला होता. पाय चाकाकडे सरकला, तारांना घासू लागला, तो आवाज मी वेळेवर ऐकला म्हणून निभावलं. सुटा बोल्ट जवळ नव्हता. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पाय चौकटीला बांधला आणि पुढच्या गावापर्यंत चालत गेलो. ट्यूबची ती पट्टी अजूनही सामानात असते. हूकवाल्या इलास्टिक दोरीपेक्षा ती जास्त घट्ट धरते आणि दोरीसारखा हूक निसटून चाकात जाण्याची भीती नसते.

पिशव्या लावल्यावर सीटवर बसून पॅडल उलटं फिरवून बघावं. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी मागे सरकवायची, पण शक्यतो तिचा मध्य एक्सलच्या फार मागे जाऊ द्यायचा नाही. वजन मागे लोंबायला लागलं की उतारावर शेपूट हलल्यासारखी सायकल हलते आणि वेग वाढला की हँडलमध्ये थरथर सुरू होते. ती सुरू झालीच तर हँडल आवळून धरू नये. दोन्ही गुडघे चौकटीच्या वरच्या दांडीला घट्ट चिकटवावेत आणि मागचा ब्रेक हळूहळू लावावा. थरथर विरते.

उतारांचंही गणित आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९६ किलो धरलं, तर आंबोलीहून खाली येताना सुमारे ५६५ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला तेवढी लागते. हवेचा अडथळा त्यातला काही वाटा घेतो, उरलेला ब्रेकमध्ये उष्णता बनून जातो. रिमला घासणारे ब्रेक असतील तर ती उष्णता रिममध्ये जाते आणि सतत दाबून ठेवलं तर आतली ट्यूब फुटू शकते. पुढचा आणि मागचा ब्रेक आलटून पालटून, थोडा जोरात लावून पुन्हा मोकळा सोडायचा आणि घाटात एक-दोनदा थांबायचं. ओझ्यासकट ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, हे पहिल्या वळणाआधी हाताला कळलेलं असावं.

पाण्यापासून बचाव करणाऱ्या पिशव्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८१ साली हार्टमुट ओर्टलीब हा जर्मन तरुण इंग्लंडच्या दक्षिण भागात सायकलने फिरत होता आणि पावसाने त्याचं सामान भिजत होतं. शेजारून जाणाऱ्या ट्रकवरची ताडपत्री त्याच्या नजरेत भरली. तसलं कापड घेऊन त्याने पिशव्या शिवल्या आणि १९८२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. त्याच्याही कितीतरी आधी, सायकलवरून तंबू नेण्याची पद्धत ज्याने रुजवली तो टॉमस हायरम होल्डिंग लंडनचा शिंपीच होता. आयर्लंडमधल्या कॉनेमारा भागात मित्रांबरोबर केलेल्या सायकल मुक्कामांवर त्याने १८९८ मध्ये पुस्तक लिहिलं आणि १९०१ मध्ये अशा प्रवाशांची संघटना उभी केली. बाजारात मिळणारे तंबू सायकलवर नेण्याजोगे नव्हते, तेव्हा त्याने हलक्या कापडाचे लहान तंबू स्वतः बेतले. आजच्या सायकलवरच्या तंबूचं मूळ या शिलाईत आहे. म्हणून महागड्या पिशव्या परवडत नसतील त्यांना मी सांगतो, आपल्याकडे ट्रक थांबतात तिथे ताडपत्री शिवणारे कारागीर असतात. माप, आकडे आणि तळाला घालायची प्लास्टिकची फळी घेऊन त्यांच्याकडे जा. तोंड तीन-चार वेळा गुंडाळून क्लिप लावता येईल एवढं लांब ठेवायला सांगा. सुईच्या भोकांतून पाणी झिरपेल, तेव्हा आत जाड प्लास्टिकची पिशवी घालायची. कोकणात हिवाळ्यात पाऊस नसला तरी हे लागतं. फेरीबोटीच्या उतरत्या फळीवर लाटेचं पाणी येतं, आणि खाऱ्या पाण्याचा शिंतोडा कपड्यांना लागला तर ते पूर्ण वाळत नाहीत. तीच गोष्ट चेनची. समुद्रकाठच्या मुक्कामानंतर ओल्या फडक्याने पुसून तेल दिलं नाही, तर दोन दिवसांत तांबूस होते.

चूल घ्यावी का? या रस्त्यावर नको. स्टोव्ह, गॅसची डबी, भांडी, शिधा मिळून अडीच-तीन किलो होतात. स्क्रूच्या गॅस डब्या मोठ्या शहरांबाहेर मिळत नाहीत आणि परतताना कोकण रेल्वेने यायचं असेल तर गॅस किंवा रॉकेल गाडीत नेता येत नाही. त्यापेक्षा गावातल्या खानावळीत दुपारी पोटभर जेवावं, संध्याकाळी मुक्कामाआधी एकदा खाऊन घ्यावं आणि पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, गूळ आणि सातूचं पीठ ठेवावं. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की चूल न पेटवता रात्रीचं जेवण होतं. पाणी तीन लिटर बरोबर असावं, कारण सड्यावर सावली नाही आणि घामातून मीठ जातं. कोकमाचं आगळ लहान बाटलीत न्यावं, पाण्यात घालून पिता येतं. मनाली ते लेहच्या रस्त्याची गोष्ट पूर्ण निराळी. तिथे वस्त्या विरळ, तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर, रात्री पाणी गोठतं. तिथे चूल जीवनावश्यक आहे. दोन्ही प्रवासांना एकच यादी लावणं चूक.

आता रात्र. कोकणात तंबू थंडीसाठी नसतो. तो डास, दव आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी असतो. म्हणून आतला थर जाळीचा आणि बाहेरचा थर वेगळा, असा दुहेरी तंबू घ्यावा. एकेरी कापडाचा तंबू हलका असला तरी इथे त्रास देतो. त्याचं कारण साधं आहे. निरभ्र रात्री तंबूचं बाहेरचं कापड आकाशाकडे उष्णता सोडत राहतं आणि आसपासच्या हवेपेक्षा थंड होतं. आधीच दमट असलेली हवा त्याला लागली की दव धरतं, बाहेरूनही आणि आतूनही. आतून तर आपल्या श्वासाची वाफ भर घालते. दुहेरी तंबूत हे थेंब बाहेरच्या थरावर राहतात आणि ओघळून जातात, जाळीच्या आत अंथरूण कोरडं राहतं. बाहेरच्या थराची खालची कड जमिनीपासून वर ठेवली आणि झडप उघडी ठेवली की हवा खेळते. झाडाखाली तंबू लावला तर दव कमी पडतं, कारण आकाश झाकलेलं असतं. नायलॉन भिजलं की सैल पडतं, पॉलिएस्टर कमी. दमट हवेसाठी पॉलिएस्टर मला बरं वाटतं. कापडाच्या जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर ते झिरपू देत नाही, असा त्याचा अर्थ. हिवाळ्यातल्या कोकणाला १,५०० पुरे.

तंबूची मुख्य परीक्षा जमीन घेते. सड्यावर जांभा उघडा पडलेला असतो, त्यात खुंटी शिरत नाही. वाळूत खुंटी शिरते, पण धरत नाही. म्हणून खुंट्यांशिवाय स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबूच इथे घ्यावा. बोगद्याच्या आकाराचे किंवा एका काठीचे अतिहलके तंबू खुंट्यांवर विसंबून असतात, ते सड्यावर उभेच राहत नाहीत. सड्यावर दोऱ्या दगडांना बांधायच्या. वाळूत कापडी पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोरी बांधून, हातभर खोल पुरायच्या. किराणा सामानाच्या चार रिकाम्या पिशव्या त्यासाठी पुरतात. मात्र सड्यावरचा दगड उचलताना आधी काठीने हलवावा, टॉर्चने बघावं, मगच हात लावावा. जांभ्याच्या फटींत आणि दगडांखाली फुरसं असतं. ते लहान, रंगाने दगडासारखं आणि विषारी असतं. संध्याकाळी उजेड असतानाच तंबू लावून घ्यावा आणि बूट आत ठेवावेत.

वाऱ्याचा अंदाज शाळेतल्या भूगोलानेच येतो. दिवसा खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. संध्याकाळी वारा पश्चिमेचा असतो म्हणून तंबूची पाठ तिकडे केली, तर मध्यरात्रीनंतर वारा दारातून आत शिरतो. तंबूचं अरुंद टोक पूर्व-पश्चिम ठेवावं, म्हणजे दोन्ही वाऱ्यांत तो टिकतो.

किनाऱ्यावर रात्रीचं तापमान बहुधा पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असतं. गोधडी ऊबदार, पण दोन-अडीच किलोंची आणि ओली झाली की दिवसभर वाळत नाही. पिसांच्या स्लीपिंग बॅगेतली पिसं दमट हवेत एकमेकांना चिकटतात आणि ऊब जाते. कृत्रिम तंतूंची, दहा ते पंधरा अंशांच्या आरामदायी मर्यादेची पातळ बॅग आणि आत सुती चादरीची शिवलेली खोळ, एवढं पुरतं. बॅगेवर बहुधा तीन आकडे असतात: आराम, मर्यादा आणि टोक. दुकानदार खालचा आकडा दाखवतो, आपण पहिला बघायचा. शेवटचा आकडा जीव वाचण्याचा आहे, झोपेचा नाही.

चटईकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग थंडी वाजली म्हणून जाड पांघरूण विकत घेतात. अंगाखालची बॅग आपल्या वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि ती ऊब देत नाही. अंगाची उष्णता जमीन थेट ओढून घेते. तिथे चटईच काम करते. हवेच्या गाद्या मऊ असतात, पण करवंदीच्या आणि बाभळीच्या काट्यांपुढे टिकत नाहीत. घडीची फोमची चटई चारशे ग्रॅमच्या आसपास भरते, कधी पंक्चर होत नाही, दुपारी झाडाखाली अंथरता येते. कोकणासाठी ती मला पुरेशी वाटते. लडाखला जाणाऱ्याने मात्र जास्त उष्णतारोधक गादीवर पैसे खर्च करावेत.

शेवटी जागा. नारळाच्या झाडाखाली तंबू लावायचा नाही. नारळच पडतात असं नाही, वाळलेली झावळ पडली तरी तंबूच्या काठ्या मोडतात आणि माणूस जखमी होतो. आंब्याच्या बागेत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नये. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय डिसेंबर-जानेवारीत मोहोरावर औषध फवारतात. किनाऱ्यावर भरतीची रेषा ओळखायला शिकावं. कोकणातली माणसं तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. चतुर्थी असेल तर साधारण तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाच्या सुमाराला, दिवसाही आणि रात्रीही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीच्या ओल्या रेषेच्या बरंच वर येतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा कमी येतं. कोरडी वाळू पाहून तंबू लावला आणि पहाटे पाणी आत आलं, असं होतं ते तिथी न पाहिल्यामुळे.

पण सगळ्यात चांगली जागा वाळूवर नसते. गावातल्या देवळाचं आवार, शाळेचा ओटा, ओळखीच्या माणसाचं खळं, कुठेही विचारून राहता येतं. दिवस मावळण्याच्या तासभर आधी गावात पोचावं, कुठून आलो, कुठे चाललो ते सांगावं. पाणी, संडास आणि सकाळचा चहा यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

वाळूवर न राहण्याचं आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला वर येतात. वेळासमध्ये २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ही घरटी जपण्याचं काम उभं केलं. वाळूवर उजेड किंवा हालचाल दिसली की मादी अंडी न घालता परत फिरते. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात, आणि तो उजेड समुद्राचा नसून कुणाच्या तंबूतल्या दिव्याचा असेल तर ती जमिनीकडे जाऊन मरतात. त्या किनाऱ्यांवर तुमचा तंबू वाळूवर लावू नका. गावात विचारा, अंगणात लावा, आणि रात्री समुद्र बघायला गेलात तर टॉर्च खिशातच ठेवा.